पाचव्या परीक्षकाला दिसलेली फुलं

“उद्या तीन वाजता समिती माझ्यापुढे हात टेकणार, लिहून ठेव!” असं आईला फोनवर बजावून तिने मोबाइल खिशात टाकला.

प्रयोगशाळेत तिला सगळे घाईबाई म्हणत. दोन वर्षं ती एकाच मिठाच्या मागे हात धुऊन लागली होती. हे मीठ स्वयंपाकातलं नव्हे. याच्या धन आयनाला बारा कार्बनांची लांबलचक शेपटी असते, त्यामुळे ते तापवलं तरी एकदम पातळ होत नाही. मध्येच अडून बसतं. द्रवासारखं सरकतं, पण आतले रेणू स्फटिकासारखे थर धरून उभे! याला म्हणायचं आयनिक द्रवस्फटिक. थरांमधून आयन झरझर धावतात, म्हणून बॅटरीवाल्यांचा त्यावर डोळा. अडचण एवढीच की तिचं मीठ ऐंशी अंशांखाली ढिम्म हलत नव्हतं. खोलीच्या तापमानाला हललं नाही, तर उद्या समिती प्रकल्पाला कुलूप लावणार होती.

आणि आज ते हललं! सूक्ष्मदर्शकावर वाकून ती सामान सांभाळणाऱ्या काकांना अर्धा तास शेपटीचं महत्त्व पटवत होती. हीटर अजून लावलाही नव्हता. तेवढ्यात काचपट्टीवर पंख्यांसारखी रंगीत फुलं उमटली. सुईने दाबलं तर लोण्यासारखी सरकली!

“पुन्हा करून बघितलंस?” तिच्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं.

“उद्या समितीसमोरच करते की!”

“घाई करू नकोस गं.”

पण ऐकेल ती घाईबाई कसली! नमुना चोख हवा म्हणून तिने तो निर्वात भट्टीत खडखडीत सुकवला आणि समिती आल्यावर पट्टीवर पसरला. धूळ उडू नये म्हणून दार बंद, पंखा बंद. पाच परीक्षक, मॅडम, काका आणि ती, सगळे त्या कपाटाएवढ्या खोलीत.

पहिल्या परीक्षकांनी डोळा लावून सुई टोचली. कर्रर्र!

“हे तर साधं मीठ आहे.”

“सर, नीट बघा ना!” ती पट्टीवर ओणवी होऊन समजावू लागली. दुसऱ्यांनाही मीठ. तिसरे म्हणाले, “कडा ओलसर वाटतायत.” चौथ्यांनी पाच मिनिटं बघून नुसता उसासा सोडला.

पाचवे बॅटरी कारखान्यातले इंजिनिअर होते. “अरे वा, फुलं!”

“चष्मा बदला तुमचा,” पहिले म्हणाले.

“तुम्हीच या बघायला!”

पहिले तरातरा आले. फुलं! त्यांनी सुई टोचली. लोणी! “मघाशी तुम्ही पट्टी बदललीत का हो?” त्यांनी चौथ्यांनाच दरडावलं. आता चौथे खवळले. पाचही परीक्षक तावातावाने भांडू लागले आणि फुलं आणखीच फुलली!

“एक बोलू का?” कोपऱ्यातून काका म्हणाले. “तुम्ही जितके बोलताय, तितकी ती वाढतायत.”

सगळ्यांनी पटकन तोंडावर हात ठेवले. मॅडमनी कोरडा नमुना नव्या पट्टीवर घेतला आणि तिच्यापुढे सरकवला. “फुंकर नको. नुसतं तोंडाने ‘हा’ कर.”

तिने केलं. हा... हा... हा... पाचव्या मिनिटाला पहिलं फूल उमललं. मीठ श्वासातलं पाणी पीत होतं! पाणी पिऊन शेपट्या सैलावत होत्या आणि थर सरकत होते.

“बॅटरीत पाणी?” इंजिनिअरनी फाइल मिटली. “नमस्कार, येतो आम्ही.”

घाईबाईचा चेहरा पांढराफटक पडला. पण पहिले परीक्षक अजून सूक्ष्मदर्शकाला चिकटलेले होते. “इतक्या कमी ओलाव्याला दाद देतंय. हवेतला दमटपणा मोजायला कामाला येईल की.”

आठवड्याने पत्र आलं. प्रकल्प वर्षभर वाढला होता! तिने प्रयोगशाळेतूनच आईला फोन लावला आणि सगळं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. फक्त पहिली अट तेवढी तिने मनातल्या मनात वाचली: ‘प्रयोग चालू असताना संशोधिकेने तोंड पूर्ण बंद ठेवावे.’