दिवेलागणीला उपटलेलं मॉड्यूल

नारायणगडाच्या पायरीवर हात ठेवून सांगते, यातला एक शब्द जरी खोटा निघाला तर माझे उरलेले दात आजच पडू द्या!

तलवाड्याजवळच्या आमच्या वस्तीवर नेटची खोली हाय. तिथं लोखंडी कपाटात राउटर. त्याच्या पोटात मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांसारखी मॉड्यूलं बसवलेली, आन् प्रत्येकाला एक हिरवा दिवा. त्यातलं एक बिघडलं व्हतं, मधूनच दम तोडायचं. ते बदलायचं काम त्रिंबककडं. त्यानं पारावर फुशारकी मारली, "मशीन बंद न करता काढतो. पळत्या बैलगाडीचं चाक बदलून दाखवतो, बघायला या!"

सुंदरराव पुढारी खुर्ची घेऊनच आले. भिवराबाई मात्र चाक बघायला गेली न्हवती. तिचा रामेश्वर आन् सून करिष्मा ऊसतोडीला गेलेले. तिकडं फडाजवळच्या पाचटाच्या कोपीतच करिष्माला पोरगी झालती. आज दिवेलागणीनंतर फोनवर नातीचं तोंड दिसणार व्हतं, पहिल्यांदाच. घरी रेंज म्हणजे उन्हाळ्यातली विहीर, म्हणून म्हातारी नेटच्या खोलीत कपाटाला टेकून बसली.

त्रिंबकनं मनगटाला पट्टा बांधला, त्याची वायर कपाटाला अडकवली. अंगातली वीज मॉड्यूलला मारते म्हणे. म्हातारीला वाटलं, याला दावं लावलं ते बरंच केलं. मग त्यानं मॉड्यूलजवळचं बटन दाबून धरलं. दिवा विझला की मगच ओढायचं, असा नियम.

दिवा विझला. भिवराबाईच्या काळजात चर्र झालं. ऐन तिन्हीसांजेला, घरची माणसं परमुलखात असताना, दिवा विझवतात व्हय? तिच्या सासूनं ऊसतोडीची टोळी परत येईस्तोवर सांजेचा दिवा कधी मालवू दिला न्हवता. त्रिंबक खोक्यातून नवीन मॉड्यूल काढायला वळला, तेवढ्यात तिनं त्याच्यासारखंच बटन दाबलं. दिवा पुन्हा हिरवागार.

त्रिंबक वळून बघतो तर हे जिवंत. पुन्हा दाबलं, विझला. पाठ फिरली, लागला. त्याला घाम फुटला. सुंदरराव म्हणाले, "किती विनवण्या करतो बे? हिसका दे."

त्यानं दिला. कपाटातले सगळे दिवे एका दमात गेले, डीपी उडाल्यासारखे. मेन स्विच बघायला त्रिंबक जो पळाला, तो पट्ट्यानं मागं खेचला गेला आन् थेट सुंदररावांच्या मांडीवर बसला.

भिवराबाईनं हात जोडले. "लेकरा, दिवा मीच लावत व्हते."

त्रिंबक रागावला न्हाई. मॉड्यूल परत खोबणीत सरकवून, मशीन सुरू होईस्तोवर बसून म्हणाला, "आजी, चालत्या कामातून कुणाला उपटलं की सगळ्या घराला झटका बसतो. आधी सांगायचं, शांत होऊ द्यायचं, मग हात लावायचा."

म्हातारीला सून आठवली. दिवाळीचा फराळ संपायच्या आत मुकादमाचा ट्रक आलता, आन् दिवस भरत आलेली करिष्मा अर्धी भाकरी ठेवून वर चढलती. तिला कुणी शांत होऊ दिलं व्हतं?

तिनं कनवटीची काडेपेटी काढली, गणपतीच्या फोटोपुढची पणती पेटवून खिडकीत ठेवली. म्हणाली, "आता तुझा झोपव."

दिवा विझला. शेंगेतून दाणा निघावा तसं मॉड्यूल निघालं, नवीन बसलं. फोन वाजला. नात गाढ झोपलेली. करिष्मा तिला हलवायला लागली, तशी भिवराबाई म्हणाली, "उपटू नको गं झोपेतून. आधी कानात सांग तिच्या, आजी आलीय म्हणून."

तर असं झालं. आता दातांची काळजी वाटती म्हणून सांगते, एवढी एक गोष्ट मी पदरची घातली. भिवराबाईनं कबूल-बिबूल काही केलं न्हाई. ती अजून गप्प हाय, आन् त्रिंबक अजून दर अमावास्येला त्या कपाटाला लिंबू-मिरची बांधतोय.