हिल्डाच्या मेणबत्तीचं वंगण

शुक्रवारची मिस्सा चुकवायला व्हिक्टरनं डोकेदुखीचं निमित्त काढलं. हिल्डा शेजारच्या सेलिनबरोबर चर्चला गेली, तशी त्यानं दाराला कडी घातली आणि गॅसवर पत्र्याच्या डब्यात मेण चढवलं. जुलै महिना, बहारीनमधल्या गुदैबियातला फ्लॅट, त्यात हा उद्योग. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

हे झेंगट त्यानं स्वतःच्याच तोंडानं ओढवून घेतलं होतं. त्याचे मॅनेजर ओब्रायन साहेब नेमबाजीच्या क्लबात जायचे आणि शिसं वितळवून गोळ्या घरीच ओतायचे. अशा गोळीच्या खाचांत वंगण भरावं लागतं. विलायतेतलं वंगण बहारीनच्या उन्हात पातळ व्हायचं, ओघळून काडतुसाच्या दारूत उतरायचं आणि ऐन सामन्यात बंदूक नुसतीच फुसकन बोलायची. साहेब हे रडगाणं सांगत होते, तेव्हा व्हिक्टरच्या व्हिसाच्या मुदतवाढीचा कागद त्यांच्या टेबलावर सहीवाचून पडला होता. त्या कागदाकडे बघत तो म्हणून गेला, "सर, आमच्या वसईला घरोघरी मेणबत्त्या ओततात. वंगण मी करून देतो."

वसईला घरोघरी कुणी काही ओतत नाही. पण साहेबांनी लगेच बाजारातलं पिवळं मेण त्याच्या हातात ठेवलं. शनिवारी सामना होता आणि आज दुपारी ते वंगण न्यायला येणार होते.

मेणात व्हॅसलीन घालून व्हिक्टरनं वडी थापली आणि खिडकीबाहेर उन्हात ठेवली. बघता बघता तिचं तेल झालं. बाजारानं साहेबांना भेसळ विकली होती. आता मधमाशीचं अस्सल मेण हवं, आणि शुक्रवारच्या सुट्टीमुळे दुकानं तर बंद.

घरात असं मेण एकाच ठिकाणी होतं, हॉलमधल्या देवाच्या आल्तारावर. हिल्डाच्या आईनं फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणाला फादरांचा आशीर्वाद घेऊन पाठवलेली ती जाडजूड मेणबत्ती होती. हिल्डाला आठवा लागला होता. कळा सुरू झाल्या की ही पेटवायची, म्हणजे बाळंतीण सुखरूप सुटते, असा त्यांच्याकडचा रिवाज होता.

"बुडखा कोण बघतंय," असं पुटपुटत त्यानं खालून दोन बोटं मेण कापलं. वडी थोडी सुधारली, पण उन्हात मऊच पडली. त्यानं आणखी दोन बोटं कापलं, मग आणखी. शेवटी वडी उन्हाला दाद देईना आणि मेणबत्तीची नुसती वात उरली.

वीज गेली की लावायची स्वयंपाकघरातली पांढरी मेणबत्ती त्यानं डब्यात राहिलेल्या पिवळ्या मेणात बुडवून काढली आणि आल्तारावर उभी केली. ती जरा सडपातळ दिसत होती, म्हणून भोवती कागदी फुलं लावली.

"फुलं कुणी लावली?" हिल्डानं आल्याआल्या विचारलं.

"मीच. मिस्सा चुकली ना."

हिल्डाचे डोळे भरून आले. व्हिक्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब वंगण घेऊन गेले. शनिवारी दुपारी व्हिक्टर ड्यूटीवरून जेवायला आला आणि वीज गेली. हॉल तापत चालला. थोड्या वेळानं हिल्डाची हाक आली, तसा तो ताटावरून उठून हॉलकडे धावला. मेणबत्ती कमरेत वाकून जमिनीकडे बघत होती. हिल्डा दोन्ही हात पोटाशी धरून बसली होती.

"आईची मेणबत्ती वाकली, व्हिक्टर. माझ्या बाळाला काहीतरी होणार."

"उन्हानं वाकली गं."

"इतके महिने कशी नाही वाकली?"

ती रडायला लागली. तिची ती दशा त्याला बघवेना. व्हिसा गेला खड्ड्यात, असं म्हणून त्यानं सगळं सांगून टाकलं. हिल्डाचं रडं जागच्या जागी थांबलं.

"म्हणजे बाळाला काही नाही?"

"काही नाही."

"आणि आईचं मेण बंदुकीत?"

"आज सामना आहे."

"मग बसलायस काय? यल्ला, जा. परत आण."

तो टॅक्सीनं क्लबात पोचला तेव्हा सामना संपला होता आणि साहेब सगळ्यांना थंड पेयं पाजत होते. "एकही नेम चुकला नाही, व्हिक्टर," ते म्हणाले. "त्यात घातलंस तरी काय?"

व्हिक्टरनं अडखळत सांगितलं. साहेब आयरिश, जन्माचे कॅथलिक. त्यांच्या हातातला ग्लास खाली आला.

"आशीर्वादाची मेणबत्ती? बाळंतपणाची?"

"हो सर."

"आणि मी ती झाडत बसलो." साहेबांनी घाईघाईनं छातीवर क्रूसाची खूण केली. वंगण लावलेल्या पण अजून दारू न भरलेल्या नुसत्या शिशाच्या गोळ्या शिल्लक होत्या, त्या त्यांनी रुमालात बांधून दिल्या. "कागदावर उद्या सकाळी सही करतो. फक्त माझ्या बायकोला सांगू नकोस. ती मला घरात घेणार नाही."

पुढच्या महिन्यात कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलात मेणबत्ती पेटवायला मनाई होती. हिल्डानं रुमालात गुंडाळलेली एक गोळी मुठीत घट्ट धरली आणि नर्सनं कितीही सांगितलं तरी सोडली नाही. व्हिक्टर बाहेर मिळेल त्या संताला नवस बोलत होता.

मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या. व्हिक्टर आत जाऊन खाटेच्या कडेला टेकला.

"आईला तार कर," हिल्डा थकल्या आवाजात म्हणाली. "मेणबत्ती शेवटपर्यंत तेवत होती म्हणून लिही."

"लिहितो."

"आणि बाकीच्या गोळ्या जपून ठेव. पुढच्या खेपेला लागतील."