सुरक्षा अधिकाऱ्याची मॅट

गाडीच्या स्टिअरिंगला लाल टॅग लटकत होता: 'धोका! दुरुस्ती चालू. वापरू नये.' असे टॅग कारखान्यातल्या बिघडलेल्या मशीनला लावायचे असतात. पण नवरा तिथला सुरक्षा अधिकारी होता आणि घरी आल्यावर चपलांबरोबर अधिकारीपणही दाराबाहेर काढून ठेवावं, हे त्याला कधी जमलं नव्हतं.

बिघाड एवढाच होता, की ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट सरकत सरकत ब्रेकखाली जायची.

"मला आजपासून पेशंटकडे जायचंय," बायको म्हणाली. ती फिजिओथेरपिस्ट. घरोघरी जाऊन व्यायाम करून घ्यायचं काम तिने हौसेने धरलं होतं, खास त्यासाठी गाडी शिकली होती. "लायसन्स काय पर्समध्ये मिरवायला काढलंय?"

"मॅट पक्की बसली की गाडी तुझी. तोवर नाही. आणि टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा असतो."

"अरे, मग ती नवी मॅट काढ ना! खाली गाडीबरोबर आलेली जुनी आहे, तिला चांगले हूक आहेत."

नवी मॅट मुळात दुसऱ्याच कुठल्या तरी मोठ्या गाडीची होती. दुकानात तिची जाडी बघून नवरा भुलला आणि जुनी खराब होऊ नये म्हणून त्याने ती जुनीवर अंथरली.

"आणि नवी खराब होऊ नये म्हणून?" बायकोने विचारलं होतं. त्यावर वर्तमानपत्र टाकायचं त्याच्या मनात होतं.

आधी त्याने दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. ती उन्हात वितळली. मग मॅट सुतळीने सीटच्या पायाला बांधली. सीट पुढे घेतली की मॅटही इमानाने पुढे यायची. आज त्याने रबर चिकटवायचा जालीम गोंद आणला होता. ट्यूबवर लिहिलं होतं, 'घट्ट दाबून धरावे.' नवरा सीटवर बसला आणि दोन्ही पायांनी दाबून धरू लागला. मॅटला हुकांसाठी भोकं होती. गोंद त्यातून वर आला.

"झालं का? तुझं भाषण आहे ना आज?"

"झालं," तो म्हणाला आणि उठायला गेला. डावा पाय उठला. उजवा जागचा हलेना. त्याने गुडघा धरून ओढलं, मग पँट धरून ओढलं.

"बूट तिथेच राहू दे. पाय काढ आणि पलीकडे सरक," बायको म्हणाली. तिने मॅट उचलली. जुन्या मॅटवरची धूळ पुसायची राहून गेली होती, त्यामुळे गोंदाने तिला सोडून बाकी सगळ्याला धरलं होतं. बुटासकट मॅट तिने नवऱ्याच्या मांडीवर ठेवली, लाल टॅग काढून त्याच्या शर्टाच्या बटणाला अडकवला आणि गाडी सुरू केली.

रस्ताभर नवरा समोर नसलेला ब्रेक मोज्याने दाबत होता. "हळू... सिग्नल... अगं, सायकल!"

"दिसतेय. ती उभी करून ठेवलीय."

फाटकात वॉचमनने हात आडवा केला. "साहेब, एका बुटावर आत सोडता येणार नाही."

"अरे, मी आहे!"

"तुम्हीच सांगितलंय, खुद्द मालक आले तरी सोडायचं नाही."

शेवटी नवऱ्याने बुटात पाय घातला आणि फटाक फटाक करत मॅटसकट तो आत गेला. मागे गाडी वळल्याचा आवाज आला. बायको एकटीच निघाली होती.

सभागृहात विषय होता, 'पाय घसरू नये म्हणून'. मॅनेजर खूश झाले. "वा! प्रात्यक्षिकासकट तयारी?"

हो म्हणायचा मोह त्याला झाला, पण आपलं तोंड बघून कुणीही ओळखलं असतं. "नाही साहेब. खरंच चिकटलोय," तो म्हणाला. "मंडळी, घसरू नये म्हणून माणूस किती थराला जातो ते बघून घ्या." इतकी वर्षं त्याच्या भाषणात डुलक्या घेणारे लोक पहिल्यांदाच शेवटपर्यंत जागे राहिले.

त्याचं लक्ष मात्र फोनकडे होतं. तो वाजला नाही. संध्याकाळपर्यंत त्याने मनातल्या मनात गाडीला चार अपघात घडवले. फिटरने मॅट बुटाभोवतीने कापून दिली, तरी कडेला चार बोटं रबर उरलंच.

सुटी झाली तेव्हा गाडी फाटकाबाहेर उभी होती, साधा ओरखडासुद्धा नव्हता. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला आणि लगेच अधिकारी जागा झाला. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून तो वाकला, तशी आत बसलेल्या बायकोने पाय वर घेतले. खाली जुनी मॅट हुकांना अडकवलेली होती. त्याने ती एका हाताने ओढली, मग दोन्ही हातांनी. ती तसूभरही हलली नाही.

"तीन पेशंट केले," बायको सीटवरून म्हणाली. "झालं ओढून?"

"झालं. पास आहे," तो पुटपुटला आणि चावीसाठी हात पुढे केला.

"तुझा पाय ह्या बाजूला मावणार नाही," ती म्हणाली. "पलीकडून बस. उद्या सकाळी पण मीच सोडते."