विश्वनाथचं निःपक्षपाती यंत्र

"यात मी काहीच बोलणार नाही. यंत्र बोलेल!" असं विश्वनाथने छाती फुगवून सांगितलं, तेव्हाच त्याच्या बायकोने सावध व्हायला हवं होतं. पण चारुलता बिचारी कूलरच्या गळक्या टाकीला डांबर फासत होती.

सत्त्याऐंशी सालचा मे महिना. नागपूरच्या नंदनवनातल्या त्या गल्लीत घरी कंप्युटर असणारा माणूस एकच, आपला विश्वनाथ! पाटबंधारे खात्यात कारकून, पण गल्लीत रुबाब शास्त्रज्ञाचा. कंप्युटर म्हणजे वहीएवढी काळी पेटी अन् रबरी बटणं. तिला घरचा टीव्ही जोडायचा, प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरवरून भरायचा. पाव तास ती कॅसेट अशी किंचाळायची, की मागच्या गोठ्यातल्या म्हशी पान्हा चोरायच्या. मधेच वीज गेली की पेटी सगळं विसरून कोरी. पुन्हा पहिल्यापासून किंचाळणं!

म्हणून त्याला आता नवा कंप्युटर हवा होता. स्वतःचा पडदा, फ्लॉपी, टकटक वाजणारी बटणं! शिवाय टीव्ही मोकळा होईल, हा फायदा त्याने चारुलतासाठी खास राखून ठेवला होता. तिचं म्हणणं एवढंच, की जुन्याला काय धाड भरली? जुन्या कॅसेटी नव्यात चालणार नाहीत, हे तुम्हीच सांगता. आधी नवा कूलर घ्या, माणसं भाजून राहिली घरात!

मग विश्वनाथने प्रोग्रॅम लिहिला. दोन गोष्टींची नावं टाकायची, एक वर, एक खाली. मग दहा प्रश्न, प्रत्येकी दहापैकी गुण. बेरीज यंत्र पोटातल्या पोटात करणार अन् फक्त निकाल सांगणार. एकदम निःपक्षपाती! फक्त शेवटच्या ओळीत त्याने एवढीशी व्यवस्था करून ठेवली होती: बेरीज काहीही येवो, जिंकायचं खालच्या नावानेच.

रविवारी प्रयोग झाला. साक्षीला शेजारचे नत्थूजी, भिवापुरी मिरचीचे व्यापारी, अन् त्यांची बी.एस्सी. झालेली मुलगी प्रेमिला. वर 'जुना', खाली 'नवा'. चारुलताने नव्याला असे गुण दिले, की सवतीच्या पोरालाही कोणी त्याहून बरे देईल. पडदा लुकलुकला. नवा घ्या!

"अरे बाप रे!" नत्थूजी खुर्चीतून उठलेच. "घरची मालकीण, तरी तिचं ऐकलं नाही! याले म्हणतात इमान!"

चारुलता पडद्याकडे बघत राहिली. "मला जरा विचार करू द्या," एवढंच म्हणाली.

मामला तिथंच मिटायचा. पण नत्थूजींची जीभ म्हणजे लाऊडस्पीकर! दुसऱ्या दिवशी दारात रांग. लहानूने गाय घ्यावी की म्हैस? कुसुमताईंनी गुडघा कोणत्या डॉक्टरला दाखवावा? लोक चपला बाहेर काढून आत यायला लागले. विश्वनाथही महाराजासारखा पंखा हलवत बसायचा. प्रेमिला रोज कोपऱ्यात बसून शेंगा फोडायची अन् पडद्याकडे बघायची.

मग एका संध्याकाळी तिला घेऊन नत्थूजीच आले.

"दोन पोरं सांगून आले हिच्यासाठी. एक मौद्याचा, घरची राइस मिल. दुसरा भिवापूरचा मास्तर, घरची सायकल! माहं मन मिलवर, अन् ही तोंड फुगवून राहिली. आता तुह्या यंत्रानंच सांगावं."

विश्वनाथने हातातला पंखा खाली ठेवला. "नत्थूजी, हे यंत्र लग्नाच्या कामाचं नाही हो."

"काहून गा? लहानूची म्हैस चालते, माही पोरगी नाही चालत?"

"मधेच वीज गेली तर?"

"बसतो मी वीज येईस्तोवर!"

"काका," प्रेमिला अगदी गरीब गाईसारखी म्हणाली, "बाबाच्या मनातला पोरगा वर टाका. मान त्याचा."

नत्थूजींनी मिलवाल्याला सगळीकडे दहापैकी दहा दिले, मास्तराला दोन, एक, शून्य. विश्वनाथ मनात वीज मंडळाचा धावा करत होता. पण रोज जाणारी वीज त्या दिवशी हटून बसली. पडदा लुकलुकला. मास्तर!

नत्थूजींनी पडद्यावरचं नाव दोनदा वाचलं. मग टीव्हीला हात जोडून हळूच म्हणाले, "मीच लालची झालो होतो गा. यंत्राले लालच नाही."

डोळ्यात भिवापुरी मिरची गेली असती तरी विश्वनाथची इतकी आग झाली नसती. घास गिळवेना. आरशात बघायची लाज वाटे, म्हणून दाढीही तशीच. एका पोरीचा जन्म आपण एका खोट्या ओळीवर टांगून ठेवला! तिसऱ्या दिवशी तो कबुली द्यायला नत्थूजींच्या दारात गेला. अंगणात प्रेमिला मिरच्यांचे देठ खुडत होती.

"बाबा आहेत का गं? सांगायचं होतं... ते यंत्र..."

"खालचंच नाव सांगते. ठाऊक आहे मले," ती मान वर न करता म्हणाली. "सतरा निकाल पाहिले, काका. सतराही खालचे! म्हणून तर बाबाले चार दिवस पटवून तुमच्याकडे आणलं."

विश्वनाथ ओट्यावर बसला अन् नकळत मिरच्यांचे देठ खुडायला लागला.

"आता तुम्ही बोलले तर मले मौद्याले जावं लागन. पण जायच्या आधी काकूले सारं सांगून जाईन!"

प्रेमिला अन् मास्तरच्या लग्नात, भर उन्हाळ्यात, नत्थूजींनी त्याच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला अन् खऱ्याखुऱ्या लाऊडस्पीकरवर सांगितलं, "असा इमानदार माणूस साऱ्या नागपुरात नाही!" टाळ्या! विश्वनाथची मान वर होईना. तो नारळाकडेच बघत राहिला. नारळाला तीन डोळे असतात, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, अन् तिन्ही त्याच्यावरच रोखलेले.

परतताना रिक्षात चारुलता म्हणाली, "अहो, काल तुम्ही ऑफिसात होते ना, तेव्हा मी यंत्राला पुन्हा विचारलं."

"क... काय विचारलं?"

"वर टाकला नवा कंप्युटर. खाली कूलर."

विश्वनाथने शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"सोमवारी येऊन राहिला कूलर," ती शांतपणे म्हणाली. "यंत्र काही खोटं बोलत नाही. का हो, बोलतं का?"

"छे!" विश्वनाथ शालीत आणखी गुरफटला.

सोमवारी कूलर आला, गल्लीत सगळ्यात मोठा! वाऱ्याने भिंतीवरची कॅलेंडरं उडाली, घर गारठून गेलं. काळी पेटी टीव्हीखाली रबरी दात काढून बसली होती. अन् त्या गार वाऱ्यात, ऐन कूलरसमोर, एकट्या विश्वनाथला दरदरून घाम फुटला होता.

चारुलताने काही न विचारता टॉवेल पुढे केला.