क्रमांक एकशे सतरा : सपाट करू नये

कागदावरची सुरकुती मला सहन होत नाही. आणि सुरकुतीला मी! मी सपाट करू शकणार नाही असा कागद अजून कुठल्या गिरणीतून बाहेर पडलेला नाही. उंदराने घरट्यात कोंबलेले, खिशातून धुलाईला गेलेले, तळघरात भिजून झाडाच्या सालीसारखे वळलेले, सगळे कागद माझ्या टेबलावर येतात आणि शहाण्या मुलासारखे सरळ झोपतात. थोडी वाफ, ओलसर टिपकागद, वर काच, काचेवर वजन. आणि धीर. बावीस वर्षं हेच करतोय. संस्थेत मला सगळे 'इस्त्री' म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर.

आमची संस्था कविता जमवते. वाचायच्या नव्हेत, बघायच्या. अक्षरांची मासोळी, शब्दांची शिडी, टाइपरायटरवर नुसते स्वल्पविराम बडवून उठवलेलं धुकं. पहिल्यांदा मला वाटलं होतं, या लोकांना काही उद्योग नाही. पुढे लक्षात आलं की माझा उद्योग त्यांच्यामुळेच चाललाय, आणि मी गप्प बसलो.

तर असा एक कवी वारला. त्याच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, अकरा खोकी पाठवली. चारशे बारा कविता! आमच्या मोठ्या बाई, म्हणजे संस्थेच्या प्रमुख, तीन वर्षं त्या संग्रहासाठी पत्रं लिहीत होत्या. खोकी आली, पण दानपत्रावर सही व्हायची होती. सही झाली नाही, तर खोकी परत त्याच खोलीत जाणार, जिथल्या भिंतीला हात लावला तर हात ओला होतो.

"पंधरा दिवसांनी शुक्रवारी येते," काकू फोनवर म्हणाल्या. "सगळं घ्या तुम्ही. फक्त एकशे सतरा नंबरचं मला एकदा हातात घेऊन बघायचंय. मग सही."

आता आमच्याकडे नियम आहे : आधी यादी, मग खोकं. कवीने स्वतः केलेली यादी काकू हाताने उतरवून पाठवणार होत्या. ती यायला वेळ लागला आणि माझे हात शिवशिवत होते; मी खोकं उघडलं. एकशे सतरा म्हणजे एक पत्र्याचा डबा निघाला. डब्यात कागदाचा बोळा. मुठीएवढा, घट्ट, जीव खाऊन चुरगळलेला. मला भडभडून आलं हो! कुणी केली बिचाऱ्याची ही दशा?

नियमाप्रमाणे वरून एक फोटो काढला. मग आठ दिवस त्याची सेवा केली. वाफ दिली. चिमट्याने एकेक घडी सोडवली. कागद दुबळा वाटला म्हणून खळीच्या पाण्याचा हलका हात दिला. काचेखालून निघाला तेव्हा कागद असा ताठ होता की सलामी देईल.

बुधवारी यादी आली. मोठ्या बाई ती हातात घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"इस्त्री, एकशे सतरा कुठंय?"

"काचेखाली."

"काचेखाली कसा असेल? तो गोळा आहे ना?"

"होता."

बाईंनी यादी माझ्यापुढे धरली. तिथे कवीच्या शब्दांत, काकूंच्या अक्षरात लिहिलं होतं :

११७. कागदी गोळा. दोघांची कृती. सपाट करू नये.

बाई खुर्चीत बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "तीन वर्षं."

"बाई, जे सपाट होतं ते चुरगळतंही. कागदच आहे."

"मग चुरगळा."

मी हात उचलला. हात तिथेच राहिला. बावीस वर्षांत या हातांनी उलट्या दिशेचं काम कधी केलंच नव्हतं!

"आधी सराव करू," मी म्हणालो. "झेरॉक्स काढतो."

कागदाच्या दर्शनी बाजूच्या चौसष्ट झेरॉक्स काढल्या. फोटो समोर ठेवला आणि आम्ही दोघं, ऐन कचेरीच्या वेळात, दार लावून बोळे करायला बसलो.

"डावीकडून दाबा."

"कवी डावखुरा होता का?"

"मला काय ठाऊक! यादीत तेही लिहायचं ना!"

"हा बघा."

"हे कोबीसारखं झालं."

"मग हा?"

"याला तुम्ही घडी घातलीय, इस्त्री. चार कोपरे जुळवून."

बाईंची गत माझ्यापेक्षा वाईट. त्या एक बोळा करायच्या आणि टेबलावर ठेवता ठेवता तळव्याने परत सरळ करायच्या. नकळत. शेवटी त्यांनी हात पदराखाली लपवले.

उरलेल्या झेरॉक्स घेऊन मी घरी गेलो. बायकोने दोनतीन बोळे उचलून पाहिले.

"अरे, चादरीचं टोक जुळल्याशिवाय तुला झोप येत नाही. तू काय चुरगळणार?"

"कामाचं आहे गं."

"तुझ्या कामात कागद सांभाळायचे असतात असं ऐकलं होतं मी."

गुरुवारी धीर करून मूळ कागदाला हात घातला. हलकेच मूठ मिटली. हलकेच उघडली. कागद तळहातावर बसला, एक श्वास घेतला आणि

                                उ

            घ

                                              ड

    ला.

माझीच खळ! कागदाला मी कणा दिला होता, आता तो कुणापुढे वाकेना.

मग आम्ही ते केलं जे करायला नको होतं. चौसष्टातला बरा बोळा निवडला आणि डब्यात ठेवला. बाई म्हणाल्या, "मी हे पाहिलेलं नाही." मी म्हणालो, "मीही." डब्याचं झाकण तेवढं आमच्याकडे बघत होतं.

शुक्रवारी काकू आल्या. उंच, ताठ, खांद्याला कापडी पिशवी. चहा नको म्हणाल्या. डबा उघडला, बोळा उचलला, तळहातावर जरा तोलला आणि खाली ठेवला.

"हा तो नाही."

"नाही कसा, काकू? एकशे सतराच आहे," मी म्हणालो.

"हा कुणीतरी घाबरत घाबरत चुरगळलाय. खरा कुठंय?"

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. मी काच उचलली आणि तो सपाट कागद काकूंपुढे ठेवला. इतका सुरेख काम झालेला कागद इतक्या शरमेने मी कधी कुणाला दाखवला नव्हता.

कागदावर, टाइपरायटरच्या जांभळ्या शाईत, एवढंच होतं :

            जा  ये
        जा          ये
    जा                  ये
जा                          ये

काकू बघत राहिल्या. बोटाने डावीकडच्या पायऱ्या चढल्या. वर थांबल्या. उजवीकडच्या उतरल्या.

"मी हे वाचलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली. यंत्रात कागद दिसला, ओढला, चुरगळला आणि फेकला त्याच्या अंगावर. त्यानं उचलून डब्यात ठेवला. वर नंबर घातला. मी म्हटलं, उघडू तरी दे. तर म्हणाला, आता ती तशीच पुरी झाली."

"म्हणजे गोळा तुम्ही केलात?" बाईंनी विचारलं.

"अक्षरं त्याची. गोळा माझा."

दोघांची कृती! आणि मी त्यातली एका माणसाची बाजू इस्त्री करून टाकली होती.

"काकू, चुकलो," मी म्हणालो. "यादीची वाट पाहिली नाही. वर खोटा बोळा ठेवला. सही करू नका वाटलं तर. पण खोकी त्या ओल्या भिंतीपाशी नेऊ नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हा परत गोळा व्हायला हवा. त्याला तसा हवा होता." त्यांनी कागद मुठीत घेतला, दाबला. मूठ उघडली. कागद सावकाश उलगडला. परत दाबला. परत उलगडला.

"आता होत नाही," त्या म्हणाल्या. "वाचलं ना. आता कुठून आणू राग?"

काकूंनी कागद टेबलावर ठेवला. मग विचारलं, "याची नोंद केलीय ना? काय लिहिलंय? वाचा."

नोंद वाचायची म्हटलं की माझ्या अंगात बळ येतं. कार्ड काढलं, घसा साफ केला.

"क्रमांक एकशे सतरा. एक पान. टाइपरायटर, जांभळी शाई. स्थिती : उत्तम. दर्शनी बाजू : जिन्याच्या आकाराची अक्षररचना. मागील बाजू : किरकोळ कार्यालयीन मजकूर. बिनमहत्त्वाचा."

"काय?"

"किरकोळ कार्यालयीन..."

"किरकोळ?"

काकूंनी कागद उलटा केला. "ही माझी नेमणूक आहे! सोमवारी हेच पत्र घेऊन हजर व्हायचं होतं मला! घरात दुसरा कागद मिळाला नाही त्याला! मी पत्राशिवाय गेले, दारात तासभर उभी राहिले, मग घेतलं त्यांनी. एकतीस वर्षं केली नोकरी. त्याच्या यंत्राची रिबन, त्याचे कागद, ही अकरा खोकी, सगळं या किरकोळ मजकुरातून आलंय! त्यालाही दिसलं नाही आणि तुम्हालाही..."

खर्र!

एका हाताने. एका दमात. माझ्या खळीचा कणा काटकीसारखा मोडला. बोळा हवेतून आला आणि माझ्या कपाळावर बसला.

मी हललो नाही. बोळा जमिनीवर पडला, जरासा लोळला आणि थांबला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत उभे. एक मिनिट. दोन मिनिटं. उघडला नाही.

मोठ्या बाई फोटो घेऊन गुडघ्यांवर बसल्या. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.

काकूंनी चष्मा लावला. अकरा ठिकाणी सह्या केल्या, एकही ओळ न वाचता सोडली नाही. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "ते कार्ड बदला."

"आत्ता बदलतो, काकू."

"येते."

मी तिथल्या तिथे नवं कार्ड घेतलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'मागील बाजू : नेमणुकीचे पत्र. अत्यंत महत्त्वाचे.' नियमाप्रमाणे पत्राच्या नोंदीत पद, कचेरीचं नाव आणि तारीखही लागते. ते आम्ही कुणी वाचलंच नव्हतं. झेरॉक्स चौसष्ट आहेत. सगळ्या दर्शनी बाजूच्या.

पत्र गोळ्यात आहे.

काकू अजून जिना उतरत होत्या. पावलं ऐकू येत होती. हाक मारून विचारता आलं असतं. मी कपाळ चोळलं आणि त्या तीन जागा कोऱ्या ठेवल्या.