पैसा कुणाचा?

आमच्या गल्लीत डांबरी रस्ता झाला, त्या दिवशी शेजारचे उत्तमकाका चप्पल काढून त्यावर चढले. मे महिन्याची दुपार. तळपाय चांगलेच भाजले, तरी स्वारी खुशीत. मला हाक मारून म्हणाले, "भाऊ, पैसा कुणाचा?"

"आपला," मी म्हणालो. हे उत्तर दिल्याशिवाय काका कुणाला पुढे जाऊ देत नाहीत.

"मग आपल्या वस्तूवर चप्पल घालून नाचतात व्हय?"

रस्ते, पूल, बसगाड्या, सगळं आपण भरलेल्या करातून होतं, हे तुम्हाला-मला ठाऊक असतं आणि आपण ते विसरतो. काकांना विसरता येत नाही, एवढाच त्यांचा आजार. पेट्रोल पंपावरही ते बजावतात, "नीट भर रे बाबा, यातून क्रांती चौकातला खड्डा बुजायचाय." माझ्या मुलाच्या लग्नात मांडववाल्याने खांबासाठी रस्त्यात पहार मारली, तर काका त्या खळग्यात पाय रोवून उभे राहिले. पाहुणे दारात आले तरी हलेनात. शेवटी खांब वाळूच्या पिंपात उभा केला. मांडव कलला, तो लग्नाच्या फोटोत आजही कललेलाच आहे. मी भांडलो नाही. काकांशी भांडायचं त्राण आमच्या गल्लीत आता कुणातच उरलेलं नाही.

तशात चितेगावची दुपारची सिटी बस बंद होणार, अशी कुणकुण लागली. प्रवासी नाहीत, तोटा होतो. झालं! काका रोज त्या बसने जायला लागले. काम काहीच नाही. चितेगावपर्यंत जायचं आणि तिथे न उतरता परत यायचं. वर गल्लीतला जो हाती लागेल त्यालाही ओढून न्यायचं. "बस भरली तरच चालंल," म्हणायचे. एक दिवस माझ्यावर पाळी आली.

कंडक्टर ज्येष्ठांचं सवलतीचं तिकीट देऊ लागला.

"पूर्ण दे," काका म्हणाले.

"काका, उरलेलं सरकार भरतंय की."

"सरकार कुठून भरतंय? पैसा कुणाचा?"

"आपला," कंडक्टर कंटाळून म्हणाला आणि त्याने पूर्ण तिकीट दिलं.

चितेगावला कारखान्यातली पाळी संपवून चार-पाच बायका चढल्या. काकांनी झटकन पेपर तोंडापुढे धरला. मी पाहिलं, तर पुढच्या सीटवर रेखा बसली होती, काकांची एकुलती एक मुलगी. तिने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून बापलेकीत बोलणं नाही.

मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हळूच म्हणालो, "काका, बोला की तिच्याशी."

"कोणत्या तोंडानं बोलू?" ते पेपरामागून पुटपुटले. "'मेलीस तू मला' म्हणलो होतो. ही बस बंद पडली तर रिक्षातच हिचा पगार जाईल. तेवढी बस राहू दे, बास."

मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात बस दाणकन खड्ड्यात आदळली आणि सवयीने काकांच्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "पैसा कुणाचा?"

मी इतका थकलो होतो की उत्तर दिलं नाही. कंडक्टर खाली पडलेली चिल्लर वेचत होता.

पुढच्या सीटवरून, मागे वळून न बघता, रेखा म्हणाली, "आपला, अण्णा."

काकांच्या हातातला पेपर खाली आला. त्यानंतर परतीच्या अख्ख्या पैठण रस्त्यावर त्यांनी एकाही खड्ड्याला नावं ठेवली नाहीत.