शेजारचं खापर

साक्रीच्या आठवडी बाजारात गंगूअक्काला कितीही मोक्याची जागा द्या, तिचा एकच प्रश्न, "आबा कोठे बसस?" मग सगळा पसारा उचलून ती नथूआबांना खेटून बसायची. प्रेमानं नव्हे हो. दोघंही खापरं विकायचे. आम्ही खानदेशातल्या बाया ज्यावर मांडे भाजतो ना, ती मातीची खापरं, टिचकी मारून आवाजावरून पारखून घ्यायची. त्यात दोघांचं हाडवैर.

"खापर विकस, नि कानवर बहिरा," अक्का साऱ्या बाजाराला सांगायची.

तेवढं मात्र आबांना बरोबर ऐकू यायचं. "तुनं तोंड ऐकी ऐकी बहिरा व्हयनू."

एका वर्षी आखाजीच्या आधी, म्हणजे घरोघरी मांडे होतात त्या सणाआधी, बाजाराचा ठेकेदार या भांडणाला कंटाळला. त्यानं अक्काला पार वेशीजवळ लिंबाखाली बसवलं. येणारी प्रत्येक बाई तिच्या समोरूनच जाणार. मी म्हटलं, अक्का, नशीब काढलंस. तर दुपारपर्यंत एकेक खापर डोक्यावर वाहत अक्का परत आबांच्या शेजारी हजर. ठेकेदार ओरडला, तर म्हणे, "जाय, पोलीस आन."

मला वर समजावलं, "एकटीजवळ बाई येस, खापर वाजाडस, नि म्हनस, पुढे पाहीसन येस. ती काय परत येस? दोन वाजाडीसन पाह्यात का तिनं मन भरस. मंग त्यामातलं एक लेसच."

सकाळी लिंबाखाली तिचं खापर टिचकी मारून वाजवून मीसुद्धा पुढंच निघून गेले होते.

पुढं एका थंडीत आबा वारले. आखाजीच्या बाजारात पाहते तर अक्का आपल्या जुन्याच जागेवर, आणि शेजारी आबांच्या जागेवर त्यांच्या घरून आणलेली, त्यांच्या हातची उरलेली खापरं मांडलेली. ठेकेदार लसूणवाल्याला घेऊन आला. "अक्का, ही रिकामी जागा याला दिली. आवर."

"रिकामी नही शे. आबा चहा पिवाले गयेल शे."

आबांना खांदा द्यायला ठेकेदार स्वतः होता. तो लसूणवाल्याला म्हणाला, "तू तिकडं बैस."

मी दोन्हीकडची खापरं वाजवली. आबांचं खणखणीत बोललं. म्हटलं, "हे देतेस?" एरवी असं म्हटलं असतं तर तिनं माझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

"ले," ती म्हणाली. "पन आखो एकदाव वाजाड. जरा जोरमा. त्याले कमी ऐकू येस."